रीफ टँकमधल्या गोगलगाई काढल्या तरी परत येतात: आधी ओळख पटवा, मग हात घाला

लक्षणं आधी लिहिते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल. खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ वाढवायच्या टँकमध्ये काचेवर, दगडांच्या खाचांत, फ्रॅगच्या (प्रवाळाच्या कापून लावलेल्या तुकड्याच्या) प्लगवर, म्हणजे बैठकीवर, बारीक गोगलगाई दिसायला लागतात. चिमट्यानं वेचल्या की पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तितक्याच. तेवढ्यात झोआंचा (फुलांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळांचा) एखादा पुंजका मिटतो तो उघडतच नाही. नाहीतर काच साफ ठेवणाऱ्या टर्बो गोगलगाई एकामागून एक वाळूवर उलट्या पडतात. पाणी तपासलं तर खारेपणा १.०२५ वर, तापमान २६ अंशांवर, नायट्रेटही ठीक. मग संशय गोगलगाईंवर जातो आणि दिसेल ती काढायचा सपाटा सुरू होतो.

मी लातूरला राहते. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी ३५० किलोमीटरहून लांब आहे. माझा ३०० लिटरचा टँक आता सहाव्या वर्षात आहे, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी हाच सपाटा लावला होता. त्या दोन वर्षांत मी ज्या गोगलगाई काढल्या त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या. खरा त्रास देणाऱ्या तिथेच राहिल्या. शिवाय त्या सपाट्यामुळेच नवे आगंतुक घरात येत राहिले. ते कसं, ते आधी सांगते.

शेतातली गोगलगाय आणि टँकमधली

आपल्या भागात गोगलगाय म्हटलं की २०२२ चा खरीप आठवतो. लातूर, बीड, धाराशिवच्या कितीतरी शिवारांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली, लोकांवर दुबार पेरणीची वेळ आली. माझ्या माहेरीही तेच झालं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेला टाकायची, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचायच्या आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, हे काम माझ्या भावानं महिनाभर केलं. तो घरी आला, टँकची काच बघितली आणि म्हणाला, "ताई, एवढ्या झाल्यात आन् तू बघत काय बसलीस? वेचून टाक की सगळ्या."

शेतात त्याचं बरोबर होतं. तिथे जात एक आणि तिचं खाणंही ठरलेलं. टँकमध्ये हातभर लांबीच्या एका दगडावर दहा जातींच्या गोगलगाई असू शकतात. एक काचेवरचं शेवाळ खाते, दुसरी माशांचं उरलेलं अन्न संपवते, तिसरी वाळू उकरते, चौथी दुसऱ्या गोगलगाईच्या अंगातला रस शोषते. सगळ्याच काढल्या तर आधी शेवाळ खाणाऱ्या जातात, कारण त्या उजेडात काचेवर फिरतात आणि हाताला सापडतात. पंधरा दिवसांत काच हिरवी होते. मग आपण दहा-बारा नव्या टर्बो मागवतो. त्यांच्या शंखांवर बसून नवे जीव येतात. ते दिसले की पुन्हा वेचायला बसतो. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण इथे चांगल्या गोगलगाई जातात आणि वाईट राहतात.

शेतातल्या दोन गोष्टी मात्र टँकमध्ये जशाच्या तशा लागू पडतात. शोध रात्री घ्यायचा आणि अंडी सोडायची नाहीत. दोन गोष्टी चुकूनही आणायच्या नाहीत. शेतात वापरतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टँकच्या आसपासही नकोत. आणि तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणाऱ्या कित्येक औषधांत तांबं असतं. आपल्याकडे तर पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायची रीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: टँकसाठीचं आरओचं पाणी त्या हंड्यात साठवू नका. माणसाला जे चालतं त्यातलं अगदी थोडं तांबंही गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळांना मारायला पुरतं, आणि दगडात मुरलं की ते सहज निघत नाही. खाऱ्या पाण्यातली गोगलगाय मारायची असेल तर मिठाचा काय उपयोग? तिला गोडं पाणी लागतं. कपभर आरओच्या पाण्यात टाकली की काम होतं.

इथे जन्मली की बाहेरून आली?

पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासात पहिला प्रश्न हाच विचारा. उपाय त्यावरच ठरतो.

समुद्री गोगलगाईंच्या पुष्कळ जाती अंडी घालतात, त्यातून पोहणारी पिल्लं निघतात आणि ती कित्येक दिवस किंवा आठवडे पाण्यात तरंगत बारीक प्लवकं खात वाढतात. टँकमध्ये त्यांना ते अन्न मिळत नाही. पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) त्यांना शिल्लक ठेवत नाहीत. मेलेलं खाणारी नॅसॅरियस अशी आहे. टर्बोची पिल्लंही टँकमध्ये सहसा जगत नाहीत. काचेवर नॅसॅरियसची अंडी दिसली तरी त्यातून वाढलेली पिल्लं टँकमध्ये सहसा बघायला मिळत नाहीत.

दुसऱ्या जाती अशा की पिल्लं अंड्यातून थेट सरपटतच बाहेर पडतात, नाहीतर तरंगण्याचा काळ इतका थोडा असतो की पंपाच्या तडाख्यातूनही काही वाचतात. कोलोनिस्टा, स्टोमाटेला, पिरॅमिडेलिड आणि वर्मेटिड या त्या, प्रत्येकीची ओळख पुढे देते. यांची वस्ती टँकमध्येच वाढते.

ओळखायचं असं. एका रात्री काचेवरच्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या गोगलगाई बघा. टाचणीच्या डोक्याएवढ्यांपासून पूर्ण वाढलेल्यांपर्यंत सगळी मापं एकत्र असतील तर त्या इथेच जन्मताहेत. सगळ्या एकाच मोठ्या मापाच्या असतील आणि नवा माल आल्यावर आठवड्याभरात दिसल्या असतील तर त्या पार्सलातून आल्या. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोनच खुणा करते. नवं काही टँकमध्ये गेलं की गोल, आगंतुक दिसला की फुली. चार महिन्यांनी पान उलटून बघितलं तर झोआ खाणाऱ्या गोगलगाईची प्रत्येक फुली गोलाच्या मागोमाग आठ दिवसांत होती. त्याच्या आधी मी ती टँकमध्ये वाढते असं धरून रात्री जागत होते.

ज्वारी आणि कणी

आता बारीक पांढऱ्या गोगलगाईंकडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ यांच्यात होतो. पाच मिलिमीटरच्या आतली, फिक्कट, काचेवर किंवा दुसऱ्या गोगलगाईच्या पाठीवर. फोटो काढला तर एक ठिपका दिसतो.

मला यांतला फरक सासूबाईंनी शिकवला. मी वेचलेल्या पंचवीस-तीस गोगलगाई बशीत काढून भिंगानं बघत होते. त्या शेजारी येऊन बसल्या. आयुष्यभर सुपात धान्य निवडलेले डोळे. बोटानं बशीत दोन ढीग करत म्हणाल्या, "अगं, ही एक जात न्हाई. ही ज्वारी आहे, आन् ही तांदळाची कणी." मी पुस्तकी वर्णनं वाचून जे करू शकले नव्हते ते त्यांनी चष्मा न लावता केलं. त्या दिवसापासून मी हेच दोन शब्द वापरते.

ज्वारी म्हणजे कोलोनिस्टा. गोल, मण्यासारखी, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा लहान. रंग पिवळसर पांढरा, अंगावर बऱ्याचदा तांबूस ठिपके. तोंड गोल, त्यावर चुनखडीचं छोटं गोल झाकण. रात्री काचेवर शेकड्यांनी निघते आणि शेवाळ खाते. हिला हात लावू नका. मी पहिली दोन वर्षं हिलाच मारत होते.

कणी म्हणजे पिरॅमिडेलिड. लांबट, टोकाकडे निमुळती, गुळगुळीत, चकचकीत पांढरी, दोन-तीन मिलिमीटरची. तांदळाची तुटकी कणी काचेला चिकटल्यासारखी. इतर गोगलगाईंना शेवाळ खरवडायला खवणीसारखी जीभ असते, हिला ती नसते. हिच्याकडे लांब सोंड असते. ती सोंड टर्बोच्या मऊ अंगात किंवा शिंपल्याच्या कडेच्या मांसात खुपसते आणि रस शोषते. एखाददुसरीनं काही होत नाही. पण हिची अंडी जेलीच्या ठिपक्यांसारखी यजमानाच्या शंखावरच चिकटलेली असतात, आणि काही आठवड्यांत एका टर्बोवर डझनांनी कण्या बसतात. मग ती टर्बो मलूल होते, काच सोडते, पडते.

कणी कोवळ्या सेरिथसारखीही (ही शेवाळ खाणारी गोगलगाय) वाटते, म्हणून एक तपासणी. सेरिथचा शंख खडबडीत असतो, त्यावर मण्यांच्या ओळींसारखे उंचवटे असतात आणि रंग बहुधा करडा-काळपट. नखानं घासून बघा. कणी काचेसारखी लागते.

पण दिसण्यावर सगळं सोडू नका, जागा बघा. दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून टर्बोच्या शंखाच्या कडेशी उजेड टाका. काचेवर एकटी फिरणारी बारीक गोगलगाय बहुतेक चरणारी असते. दुसऱ्याच्या शंखाच्या तोंडाशी दाटीनं बसलेली पांढरी कणी शोषणारी असते. मेलेल्या गोगलगाईजवळ जी सापडते तिच्यावर लगेच आळ घेऊ नका. नॅसॅरियस मेलेलं खायलाच येते. जिवंत असताना अंगाला कोण चिकटलेलं होतं, ते महत्त्वाचं.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. सगळ्या टर्बो बाहेर काढायच्या, टँकच्याच पाण्यात धरून जुन्या टूथब्रशनं शंख घासायचा, वेढ्यांमधल्या खाचांतली जेली काढायची. घासलेलं पाणी टँकमध्ये परत जाऊ द्यायचं नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, कारण अंडी राहिलेलीच असतात. मी टर्बो सहा आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवल्या, दर तिसऱ्या दिवशी घासल्या आणि शेवटचे दोन आठवडे एकही कणी दिसली नाही तेव्हाच परत सोडल्या. सहा पट्ट्यांचा रास मासा कण्या खातो हे खरं, पण तो सोबतचे निरुपद्रवी बारीक जीवही खातो आणि छोट्या टँकमध्ये इतर माशांना छळतो. फक्त कण्यांसाठी तो आणावा असं मला वाटत नाही.

झोआ मिटून राहतात तेव्हा

झोआंच्या पुंजक्याचा एकच कोपरा मिटला असेल आणि बाकीची फुलं उघडी असतील तर पाण्याला दोष देऊ नका. पाणी बिघडलं तर सगळी मिटतात. एका कोपऱ्यात कोणीतरी बसलेलं आहे.

पहिली संशयित सनडायल गोगलगाय. चपटी, गोल, शर्टाच्या मोठ्या बटणासारखी, वेढ्यांवर काळे-पांढरे किंवा तपकिरी-पांढरे चौकोन. दिसायला इतकी देखणी की लोक हौसेनं ठेवून घेतात. उलटी केली की पक्की ओळख पटते. मधोमध खोल भोक असतं आणि त्याच्या कडेनं दातेरी कंगोरा फिरत आत उतरतो. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव ज्यांनी वरून बघितली असेल त्यांना हे लगेच कळेल, पायऱ्या तशाच गोल गोल खाली जातात. तिचं झाकणही वेगळं, शंकूसारखं टोकदार. ही झोआच खाते. हिची पिल्लं मात्र खूप काळ समुद्रात तरंगतात, त्यामुळे टँकमध्ये वस्ती वाढत नाही. ती पुन्हा दिसली तर पुन्हा आली आहे. माझ्या कालनिर्णयवरच्या फुल्या हिच्याच होत्या. दर महिन्याला एकाच ठिकाणाहून झोआ मागवत होते आणि दगडाच्या तुकड्याखाली दर वेळी एखादी बसून येत होती.

दुसरा संशयित झोआ खाणारा न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. पाच-दहा मिलिमीटरची. जी झोआ खाते तिचाच रंग तिच्या अंगावर उतरतो, आणि पाठीवरचे लोंबते धागे फुलाच्या झालरीसारखे दिसतात. टॉर्च मारून समोर बघत असलो तरी नजर तिच्यावरून घसरून जाते. म्हणून तिला शोधण्यापेक्षा अंडी शोधा. फुलांच्या देठांवर किंवा प्लगच्या खालच्या बाजूला पांढुरक्या दोऱ्याचं वेटोळं चिकटलेलं असतं. ही मात्र टँकमध्ये भराभर वाढते. एक वेटोळं राहिलं की महिनाभरात पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा, क्वचित, समुद्री कोळी. धाग्यासारखे लांब पाय, अंग जवळपास नाहीच. डिपमध्ये (नवा फ्रॅग बुडवायच्या औषधी पाण्यात) गळून पडतो तेव्हाच बहुतेकांना पहिल्यांदा दिसतो.

नळीतली गोगलगाय, जी खरंच जात नाही

वर्मेटिड ही गोगलगाय आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण ती हलतच नाही. दगडाला, प्लगला, कधी पंपालाही चिकटलेली चुन्याची नळी, टोक वर उचललेलं. त्या तोंडातून ती चिकट जाळं सोडते, कोळ्याच्या जाळ्यासारखं, त्यात अन्नाचे कण अडकतात आणि मग सगळं जाळं आत ओढून गिळते. जाळं शेजारच्या प्रवाळावर पडत राहिलं की तो आकसतो. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण प्राणिशास्त्रातही या वर्गाला उदरपाद म्हणतात, कारण गोगलगाय पोटाच्या तळव्यानं चालते. वर्मेटिडनं ते चालणंच सोडलं आणि शिकार आपल्याकडे ओढायला शिकली.

ती एकाच जागी असून पसरते कशी, याचं मला फार दिवस कोडं होतं. नर शुक्राणूंच्या पुड्या पाण्यात सोडतो, मादी त्या आपल्या जाळ्यातच पकडते आणि अंडी नळीच्या आत सांभाळते. बाहेर पडणारी पिल्लं बहुतेकदा जवळच बसतात. म्हणून एका प्लगवर दोन नळ्या आल्या की वर्षभरात तो दगड काट्यांचा होतो.

हिच्याशी गल्लत होते ती स्पायरॉर्बिड अळीची. ती काचेवर सपाट चिकटलेलं जिलेबीचं पांढरं वेढं असते, दोन-तीन मिलिमीटरचं, टोकाशी बारीकसा पिसारा. जाळं नाही, टोक वर नाही. तिला राहू द्या.

वर्मेटिडवर करायचं ते असं. पंप बंद करा. खाण्याची चिमूटभर पूड पाण्यात सोडा. दहा मिनिटांत जिथे जिथे जाळी पसरतील तिथे खुणा लक्षात ठेवा. मग चिमट्यानं नळी बुडापासून मोडा आणि राहिलेल्या भोकावर सायनोअ‍ॅक्रिलेटच्या जेल गोंदाचा थेंब दाबून बसवा. नुसती नळी मोडली तर ती आत दबून राहते आणि पुन्हा बांधते. बोटांनी मोडू नका, कडा ब्लेडसारख्या असतात. प्लग काढता येत असेल तर फ्रॅग दुसऱ्या नव्या प्लगवर लावून जुना फेकून देणं सगळ्यात सोपं. आणि पूड किंवा द्रव अन्न कमी करा. माझ्याकडे संख्या खरी घटली ती मी रोजचं द्रव अन्न आठवड्यातून एकदावर आणलं तेव्हा.

बाकीचे, थोडक्यात

नखाएवढा चपटा शंख पाठीवर आणि बाकी अंग बाहेर, उजेड पडला की गोगलगाईला न शोभणाऱ्या वेगानं पळणारी ती स्टोमाटेला. उपयोगी आहे. पकडू नका, घाबरली तर अंगाचा मागचा तुकडा टाकून जाते. पाठीवर आठ पट्ट्यांचं चिलखत असलेला तो कायटन, तोही शेवाळ खातो. बारीक सापतारे आणि दगडाच्या फटीतून पांढरे धागे पसरणाऱ्या अळ्या कचरा साफ करतात. वेड्यावाकड्या हातांचे टाचणीएवढे तारामासे म्हणजे अ‍ॅस्टरिना. ते अंग तोडून वाढतात म्हणून हात सारखे नसतात. बहुतेक निरुपद्रवी, पण झोआंवर रोज रात्री बसलेले दिसले तर काढा. केसाळ अळ्या बघून लोक दचकतात. त्याही बहुतेक सफाईवाल्याच, फक्त उघड्या हातानं धरू नका. केस बोटात घुसले तर चिकटपट्टी लावून ओढून काढा.

खेकड्यांत केसाळ अंगाचे, नांग्यांची टोकं काळी असलेले पकडून सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) टाका. रात्री काचेवर खडा मारल्यासारखा टक्क आवाज येत असेल तर तो पिस्तूल कोळंबीचा किंवा मँटिस श्रिंपचा. पिस्तूल कोळंबी राहू शकते. मँटिस मासे आणि गोगलगाई मारते. फुटलेले शंख आढळले तर तीच.

काचेसारखं तपकिरी फूल, लांब देठाचं, हात लावताच आत जाणारं, ते आयप्टेशिया. चाकूनं खरवडू नका. बुडाचा एक कण राहिला तरी त्यातून नवं उगवतं. चुन्याच्या निवळीसाठी मिळणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सुईशिवायच्या सिरिंजनं तोंडावर ठेवा. पेपरमिंट कोळंबी म्हणून मागवली आणि पाठीला कुबड, मोठे डोळे, लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असलेली आली तर ती उंट कोळंबी आहे. ती आयप्टेशिया सोडून झोआ आणि मशरूम प्रवाळ खाऊ शकते.

आता दोन गोष्टी जिवाच्या, म्हणून जरा थांबून वाचा. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार, रुंद टोकापासून निमुळत्या टोकापर्यंत लांब अरुंद फट, अशी गोगलगाय कधीच हातात घेऊ नका. तो कोन शंख आहे. तो विषारी दात भाल्यासारखा फेकतो. त्यातल्या भूगोल कोन या जातीनं माणसं मेली आहेत, आणि त्यावर प्रतिविष नाही. दुसरी गोष्ट झोआंची. झोआ आणि त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकतं. आगंतुक मारायला म्हणून दगड उकळत्या पाण्यात टाकू नका. वाफेतून ते विष घरभर जातं आणि कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला.

दारातच अडवायचं

आमच्याकडे माल ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या बसनं थर्मोकोलच्या डब्यात येतो. सकाळी डबा उघडला की पिशवी थेट टँकवर तरंगत ठेवायचा मोह होतो. तिथेच चूक होते. पिशवीतलं पाणी टँकमध्ये एक थेंबही जाऊ नये.

मी पांढरी बशी, भिंग, चिमटा आणि जुना ब्रश आधी मांडते. पिशवीतलं पाणी बशीत ओतून त्यात काय हलतंय ते बघते. फ्रॅगला डिप देते, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं तेच, जास्त नाही. डिपमध्ये अळ्या, न्यूडिब्रँक, समुद्री कोळी गळतात. पण ज्यांना झाकण आहे त्या गोगलगाई झाकण लावून निवांत बसतात, त्यामुळे सनडायल, कणी, लहान म्यूरेक्स (ही मांसाहारी गोगलगाय) डिपनं जात नाहीत. त्या डोळ्यांनी शोधून सुईनंच काढाव्या लागतात. आणि अंड्यांवर डिप चालत नाही. म्हणून एकदा डिप देऊन "झालं" म्हणणाऱ्यांकडे त्रास परत येतो. दर ५-६ दिवसांनी, निदान चार वेळा, मधल्या काळात फ्रॅग वेगळ्या टबमध्ये, अशी माझी पद्धत आहे. प्लगची खालची बाजू ब्रशनं घासायची. देठावरचं वेटोळं चिमट्यानं सोलून काढायचं. विकत आणलेल्या प्रत्येक गोगलगाईचा शंखही घासायचा, तिला वेगळी वागणूक नको.

म्यूरेक्स ओळखायला एक सोपी खूण सांगून ठेवते. शंखाच्या तोंडाच्या पुढच्या टोकाला पन्हळ किंवा खाच असेल, तर त्यातून सोंड काढून वास घेणारी ती गोगलगाय बहुधा मांसाहारी असते. नॅसॅरियसलाही खाच असते, पण ती मेलेलंच खाते. सेरिथ हा दुसरा अपवाद, ती शेवाळ खाते. तोंड नुसतं गोल असेल तर बहुधा शाकाहारी. कणी आणि सनडायल या खुणेत बसत नाहीत, त्यांची ओळख वर दिली आहे.

माझ्या टँकमध्ये समुद्रातून उचललेला दगड नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्याकडचे सगळे कठीण प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही त्यातलाच. कोकणात फिरायला गेलात तर आठवण म्हणून तो उचलून आणू नका. माझ्याकडे कोरडे, बनवलेले दगड आणि वर झोआ, मशरूम, लेदर हे मऊ प्रवाळ. दगड कोरडा असल्यानं एक सोय झाली: जे काही आलं ते प्लगवरून, शंखावरून किंवा सम्पमधल्या शेवाळाच्या गुंत्यातून आलं, हे मला नक्की माहीत असतं.

मे महिन्यातली गर्दी

एक खोटा इशारा, ज्यानं मलाही दोनदा फसवलं. उन्हाळ्यात बाहेर पारा ४२ वर, दुपारी लाइट जाते, पंप थांबतो. संध्याकाळी बघितलं तर काचेच्या वरच्या कडेला गोगलगाई, अळ्या, सापतारे यांची रांग लागलेली. हे सगळे एवढे कुठून आले? ते आधीपासूनच होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पंप बंद पडला की तो आणखी घटतो, आणि दगडाआडचे जीव श्वासासाठी वर येतात. तेव्हा वेचायला बसू नका. आधी बॅटरीवरचा एअरपंप लावा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. अशा वेळी काही औषध टाकून एकदम खूप जीव मारले तर ते सडून उरलेला प्राणवायूही जातो आणि अमोनिया चढतो. पाणी पूर्ववत झाल्यावर दोन दिवसांनी रात्री मोजणी करा, तीच खरी.

सध्या माझ्या टबमध्ये झोआंचे दोन नवे प्लग आहेत. आज सतरावा दिवस. पहिल्या डिपमध्ये एक समुद्री कोळी निघाला, दुसऱ्यात काही नाही, तिसऱ्यानंतर काल सासूबाईंनी टबाजवळ वाकून दाखवलं, दुसऱ्या प्लगच्या बुडाशी दोऱ्याचं एक पांढरं वेटोळं. ते सोललं आहे, आणि चौथी डिप परवा आहे. फुलं उघडी आहेत, पण मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली आहे.